शून्यावरचा आवाज

समडोळीच्या आक्काताई मगदूम
रेडिओ पोत्यात घालून वडापनं आणतात,
हरभट रोडमागच्या बोळात, माझ्या टेबलावर ठेवतात
आणि म्हणतात, आधी कंपनी कुठली ते सांगा.

मागचा पुठ्ठा नाही.
नावाची पट्टी कुणी उचकटलेली, दोन भोकं तेवढी उरलीत.
आत नकाशाचा कागद होता, तो कसरीनं खाल्लाय.
एक वाळलेली पाल,
आणि हळदीची धूळ. सांगलीत कुठलंही यंत्र उघडा,
बुडाशी पिवळं निघतंच.

बाबालाल शिकलगार, माझे उस्ताद, म्हणायचे
मशीनला नाव विचारू नको, काम विचार.
मी व्हॉल्व मोजतो. चार.
डोक्यावरचा पारा चौघांचाही शाबूत, काळपट चकाकता;
पांढरा पडला असता तर हवा शिरली समजायचं.

एक स्टेशन धरून आणणारा.
एक घरची वीज सरळ करणारा.
एक जाडजूड, शेवटी स्पीकरला ढकलणारा.
राहिला मधला. तो लहर वाढवतो, ठीक,
पण लहर सोलून आतला बोल निघाला
की त्या नाजूक बोलाला हात द्यायला
अजून एक लागतो.
तो कुठंय?
चॅसीला पाचवं भोकच नाही.

दुपारभर मी एका वायरमागं बोट फिरवत बसलो.
कापडी वेष्टण, रंग उडालेला, लाल की तपकिरी कळेना.
बटणापाशी गेली, एका कंडेन्सरला टेकली,
कॉइलच्या पोटाखालून वळली
आणि आली त्याच मधल्याच्या जाळीवर.
आलेल्या दारानंच परत आत.

म्हणजे ह्याला दोन पाळ्या.
आधी लहर वाढवायची,
मग तिच्यातून सोललेला बोलही ह्यानंच वाढवायचा,
एकाच काचेत, एकाच वेळी.
दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात,
हा दोन्ही घरं जेवू घालतो.
भांडण होत नाही कारण दारात चाळण बसवलीय,
बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर:
बारीक, घाईची लहर जमिनीकडं झिरपते,
जाड, सावकाश बोल वरच राहतो.

एक फुटका कंडेन्सर बदलला, एक टाका मारला.
रेडिओ घुमला. कुणीतरी बाजारभाव सांगत होतं,
राजापुरी, क्विंटलला.
आवाज कमी केला. अजून कमी. बटण पार तळाला.
आणि तरी आत, फार लांबून,
रजईखाली बोलल्यासारखं,
तो भाव सांगतच राहिला.

मी बटण बदललं. तेच.
दुसरं लावलं. तेच.
रात्री जेवताना ध्यानात आलं:
मधला मुळात वाकडा. लहर वाढवतानाच
थोडा बोल सांडतो, बटणाला न विचारता.
दोन कामं एकाला दिली की एवढं सांडायचंच.

सोमवारी आक्काताई आल्या. म्हटलं,
कंपनी नाही कळली, जात कळली. रिफ्लेक्स.
एक खोड आहे, पूर्ण गप्प होत नाही,
ती जायची नाही.

त्यांनी स्वतः बटण तळाला नेलं,
पदर कानामागं सारून
जाळीच्या कापडाला कान लावला.
पोरं झोपल्यावर, म्हणाल्या,
मालक ह्येवढ्यावर लावायचे.
मी हळद निवडून आलेली, अंग दुखायचं.
बंद करा म्हटलं की म्हणायचे, बंदच हाय.
चाळीस वर्षं मला वाटलं, खोटं बोलतोय माणूस.

मग पोतं झटकलं. पिवळी धूळ उन्हात उडाली.
मी वहीत लिहिलं:
कंडेन्सर एक. टाका एक. मेक माहीत नाही.
शून्यावर आवाज राहतो.
गिऱ्हाइकाला मान्य.